रूळ विकले म्हणजे लोकल वेळेवर येईल?

खडकीकर : “रूळ खासगी कंपनीला विका, पुणे–लोणावळा लोकल आपोआप वेळेवर धावेल,” हे कालचे विधान वाचून राहवले नाही. ब्रिटनचा हा प्रयोग करून झाला आहे. 1996 साली रुळांची मालकी असलेली रेलट्रॅक कंपनी शेअर बाजारात आली आणि देखभाल कंत्राटदारांच्या हाती राहिली. ऑक्टोबर 2000मध्ये हॅटफील्डजवळ, तडे गेल्याचे आधीच ठाऊक असलेला रूळ तुटून गाडी घसरली व चार जण दगावले. असे तडे आणखी कोठे आहेत, हे मालकालाच सांगता येईना, म्हणून देशभर गाड्यांचा वेग उतरवावा लागला. वर्षभरात कंपनी बुडाली. माझे वडील कामशेतकडे कीमन होते. हातोडा व पाना घेऊन ते रोज आपला पट्टा पायी तपासत आणि रूळ घट्ट धरून ठेवणारी चावी सैल झाली की त्यांना हातोड्याच्या आवाजावरून कळे.

बार्शीवाला : आपल्या वडिलांविषयी आदर आहे, पण आठवणींवर धोरण ठरत नसते. जपानची जेआर ईस्ट ही खासगी रेल्वे कंपनी आपल्या रुळांची मालक आहे आणि उत्तम चालते. आमच्या बार्शीला 1897 साली गाडी आणली तीही खासगी कंपनीनेच!

खडकीकर : आठवणी नकोत म्हणता आणि लगेच बार्शी काढता! ती गाडी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची होती. कुर्डुवाडीला उतरून ट्रंका डोक्यावर घेत गाडी बदलावी लागे, हे मी लहानपणी भोगले आहे. जपानचे म्हणाल, तर तोट्यातली जेआर होक्काइदो आजही सरकारच्याच पदरात आहे.

बार्शीवाला : आपण भोगलेत तेव्हा मालक कोण होते? सरकारने ती रेल्वे 1954 साली घेतली आणि ब्रॉडगेज झाले 2000नंतर. माझ्या आजीच्या साऱ्या वाऱ्या त्या खेळण्यातल्या गाडीतच सरल्या. याला व्यवस्थापन म्हणायचे असेल, तर आपल्याला साष्टांग नमस्कार.

तळेगावचा पासधारक : तुमची कुर्डुवाडी आटोपली असेल तर विचारतो. पुणे–लोणावळा दरम्यान जाण्यायेण्याचे मिळून दोनच मार्ग आहेत आणि लोकल, एक्स्प्रेस, मालगाड्या सगळ्या त्यांवरूनच जातात. मालक बदलल्याने तिसरा मार्ग कसा उगवणार?

खडकीकर : बरे, त्या पन्नास वर्षांचे पाप सरकारचेच. हॅटफील्डवर मात्र आपण चकार शब्द काढलेला नाही.

बार्शीवाला : हॅटफील्ड मान्य, झाले समाधान? पण रूळ सरकारी असला तरी कीमनची जागा रिकामी राहिली, तर तडा कोणाला दिसणार?

खडकीकर : ती जागा आपली कंपनी भरील काय, एवढेच सांगा.