मदत हवी आहे: डॉकर इमेज अपडेट केल्यापासून पोस्टग्रेस सुरू होत नाही, टॅग जातील अशी भीती

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं संगणकाचं काम मी हौसेने बघते. एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स आहे, त्यावर डॉकर कंपोजने (एका फाइलमध्ये लिहून अनेक प्रोग्राम एकत्र चालवायचं साधन) नेक्स्टक्लाउड (फाइली ठेवायचा आणि शेअर करायचा प्रोग्राम) आणि पोस्टग्रेस (त्याचा डेटाबेस) असे दोन कंटेनर, म्हणजे आपापल्या कप्प्यात चालणारे प्रोग्राम, चालतात. जुने दिवाळी अंक, नियतकालिकं, स्थानिक संस्थांची इतिवृत्तं स्कॅन करून त्यात ठेवली आहेत. स्कॅनचा आकार साधारण १८० जीबी, तो वेगळ्या डिस्कवर आहे.

रविवारी नेक्स्टक्लाउड अपडेट करायचं म्हणून नेहमीप्रमाणे आधी पुल केलं (नव्या इमेज, म्हणजे प्रोग्रामच्या तयार प्रती, उतरवल्या), मग अप (कंटेनर सुरू केले). कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेसच्या नावापुढे आवृत्ती लिहिलेली नव्हती, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. त्यामुळे नेक्स्टक्लाउडसोबत पोस्टग्रेसचीही नवी इमेज आली, थेट १८. त्याआधी शेवटचं पुल जून २०२५ मध्ये केलं होतं.

आता डेटाबेसचा कंटेनर सुरू होतो, पडतो, पुन्हा सुरू होतो. लॉगमधल्या मजकुराचा आशय असा: १८ पासून या इमेज डेटा वेगळ्या रचनेत ठेवतात, आणि जुन्या जागी, म्हणजे /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा इथे, पोस्टग्रेसचा डेटा असलेला पण न वापरलेला माउंट (जोडलेली जागा) दिसतोय.

घाबरून मी एक केलं, ते लपवत नाही. एका नव्या व्हॉल्यूमला (कंटेनरचा डेटा साठवायच्या जागेला) नाव दिलं आणि तो शेवटचं 'डेटा' काढून, फक्त /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल इथे जोडला. पोस्टग्रेस लगेच सुरू झालं, पण नेक्स्टक्लाउड म्हणतंय की टेबलच नाहीत. तेव्हापासून दोन्ही कंटेनर बंद करून ठेवलेत.

स्कॅन डिस्कवर आहेत, ते उघडून पाहिले. काळजी वेगळीच आहे. गेली दोन वर्षं आमच्याकडच्या तीन निवृत्त शिक्षकांनी एकेक अंक उघडून लेखक, वर्ष, विषय असे टॅग लावलेत. ते सगळं डेटाबेसात आहे. डम्प (डेटाबेसची काढून ठेवलेली प्रत) फक्त मागच्या दिवाळीतला आहे, त्यानंतरचं काम त्यात नाही.

जुना डेटा शाबूत आहे का, आणि मागे कसं जायचं?

प्रतिसाद १

ताई, कंटेनर बंद केलेत ते उत्तम केलंत. आता आधी काय करू नका ते सांगतो. डाउन करताना पुढे 'व्ही' हा पर्याय लावू नका, त्याने कंपोजमधले नाव दिलेले व्हॉल्यूम पुसले जातात. जागा मोकळी करायला प्रून (वापरात नसलेलं पुसायची आज्ञा) चालवू नका. आणि जुन्या डेटा फोल्डरमधल्या एकाही फाइलला हात लावू नका.

तुम्ही सांगितलेल्या मजकुरावरून १८ ने जुना डेटा उघडलेलाच नाही, दारातूनच परत फिरलंय. पोस्टग्रेसच्या एका मुख्य आवृत्तीच्या फाइली दुसरी मुख्य आवृत्ती थेट वाचत नाही. १७.१ वरून १७.६ वर जाताना काही करावं लागत नाही, १७ वरून १८ ला जाताना डेटा हलवावा लागतो. नव्या व्हॉल्यूममध्ये टेबलं नाहीत कारण तिथे कोरा डेटाबेस तयार झाला. जुना व्हॉल्यूम बाजूला तसाच असणार. डॉकरला व्हॉल्यूमची यादी विचारा, दोन नावं दिसतील, दोन्हीच्या आधी तुमच्या प्रोजेक्ट फोल्डरचं नाव लागलेलं असेल.

जुन्या व्हॉल्यूममध्ये पीजी-व्हर्जन नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात फक्त आकडा असतो. तो बघून इथे लिहा. आणि पुढचं काही करण्याआधी कंटेनर बंद असतानाच त्या अख्ख्या व्हॉल्यूमची टार (सगळ्या फाइलींची एकच गठडी) करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

प्रतिसाद २

यापुढे अल्पाइनवाली (अल्पाइन या छोट्या लिनक्सवरची) इमेज वापरा, खूप लहान असते. आणि डम्पच्या भानगडीत न पडता पीजी-अपग्रेडने (जुन्या फाइलीच नव्या आवृत्तीत नेणारं साधन) सरळ १८ वर जाता येईल, वेळ वाचेल.

प्रतिसाद ३

दोन्हीला माझा विरोध आहे, आणि कारण यांच्याकडचा मजकूर देवनागरीत आहे हे आहे.

डेबियनवाल्या इमेजमध्ये अक्षरांचा क्रम ग्लिबसी ही सिस्टिमची मूळ लायब्ररी ठरवते. अल्पाइनमध्ये तिच्या जागी मसल असते आणि तिला भाषेप्रमाणे क्रम लावता येत नाही. पोस्टग्रेसचा इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली यादी. एका नियमाने लावलेली यादी दुसऱ्या नियमाने वाचायला घेतली, तर नोंद टेबलात असूनही शोधल्यावर मिळत नाही, आणि जिथे एकच नोंद असायला हवी तिथे दोन घुसू शकतात. कुठेही एरर येत नाही, म्हणून हे महिनोन्महिने कळत नाही. ग्लिबसी २.२८ आली तेव्हा, २०१८ साली, क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले आणि याच कारणाने कितीतरी लोकांचे इंडेक्स बिघडले.

पीजी-अपग्रेड जुन्या इंडेक्सच्या फाइली तशाच पुढे नेतं. डम्प घेऊन नव्या जागी भरला की इंडेक्स नव्याने बांधले जातात, प्रश्नच मिटतो. शेकडो जीबीचा डेटाबेस असता तर पीजी-अपग्रेडचा विचार केला असता. इथे मोठा भाग स्कॅनचा आहे आणि तो डेटाबेसात नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फाइलमध्ये १७ आहे! टार करून दोन डिस्कवर ठेवली.

मग कंपोजमध्ये १७ लिहून, जुना व्हॉल्यूम जोडून फक्त डेटाबेस सुरू केला. सुरू झाला, पण लॉगमध्ये इशारा येतोय: डेटाबेस कोलेशन (अक्षरांचा क्रम) आवृत्ती २.३६ ने बनवला होता, आता सिस्टिममध्ये २.४१ आहे. वर म्हणताय ते हेच का? इथेच थांबलेय.

प्रतिसाद ३

हो, तेच. जूनमध्ये १७ ची इमेज डेबियन बुकवर्मवर होती, तिच्यात ग्लिबसी २.३६. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची ट्रिक्सी ही आवृत्ती आली, त्यानंतर या इमेज तिच्यावर गेल्या, तिच्यात २.४१. म्हणजे नुसतं १७ लिहिलं तरी खालचा पाया बदलतो. इमेजच्या टॅगमध्ये, म्हणजे नावापुढे आवृत्तीच्या जागी, १७-बुकवर्म असं पूर्ण लिहा, इशारा जाईल. डम्प त्याच्यातूनच घ्या.

प्रतिसाद १

आणि ताई, माउंटची ओळ तपासा. १७ साठी शेवटी 'डेटा' हवंच. १८ साठी बदललेली ओळ तशीच राहिली तर १७ आपला डेटा एका निनावी व्हॉल्यूममध्ये टाकेल, आणि कंटेनर काढून नवा केल्यावर सगळं गायब झाल्यासारखं वाटेल.

नेक्स्टक्लाउडचा कंटेनर डम्प हातात येईपर्यंत बंदच ठेवा. त्याचा कोड बहुधा नवीन झालाय आणि डेटाबेस जुना आहे, सुरू झाल्या झाल्या तो अपग्रेड करायला घेईल. मध्ये एखादी मुख्य आवृत्ती गाळली गेली नाही ना तेही बघा, नेक्स्टक्लाउडला एका वेळी एकच पायरी चढता येते.

धागाकर्ती

डम्प झाला! ६४० एमबी. फाइलच्या शेवटी डम्प पूर्ण झाल्याची ओळ आहे, ती पाहिल्यावर जीव भांड्यात पडला.

नव्या कोऱ्या व्हॉल्यूममध्ये भरताना मात्र एररची रांग लागली: 'ओसी' ने सुरू होणारा कुणीतरी रोल अस्तित्वात नाही. असा वापरकर्ता मी कधी बनवलेला नाही.

प्रतिसाद १

तुम्ही नाही, नेक्स्टक्लाउडने बनवला. सुरुवातीला बसवताना त्याला डेटाबेसचे पूर्ण अधिकार मिळाले, तर तो स्वतःसाठी वेगळा रोल तयार करायचा. कॉन्फिग फाइलमध्ये डीबी-युजरपुढे तेच नाव सापडेल. तुम्ही पीजी-डम्प वापरलं असणार, ते एकाच डेटाबेसपुरतं असतं आणि रोल संपूर्ण सर्व्हरचे असतात. १७-बुकवर्म पुन्हा सुरू करून पीजी-डम्पऑलने संपूर्ण सर्व्हरचा डम्प घ्या, रोल आणि त्यांचे पासवर्ड दोन्ही येतील. मग नवा व्हॉल्यूम रिकामा करून पहिल्यापासून भरा. मुख्य वापरकर्ता आधीच आहे अशी एक एरर येईल, ती सोडून द्या. बाकी एकही एरर सोडू नका.

भरून झाल्यावर अ‍ॅनालाइझ चालवा (त्याने डेटाबेस टेबलांचा अंदाज घेतो), नाहीतर पहिले काही तास सगळं रेंगाळेल.

धागाकर्ती

रात्री पावणेबाराला लिहितेय. झालं!

पीजी-डम्पऑलने सगळे रोल आले. नवा व्हॉल्यूम ट्रिक्सीवरच्या १७ मध्ये भरला, टॅगमध्ये १७-ट्रिक्सी असं पूर्ण नाव लिहिलंय. कोलेशनचा इशारा नाही. मग नेक्स्टक्लाउड सुरू केलं, एकाच पायरीचा अपग्रेड होता, तो सरळ पार पडला. नेक्स्टक्लाउडला चालणाऱ्या डेटाबेसच्या यादीत नीट बघितल्याशिवाय १८ ला हात लावणार नाही. १७ ला नोव्हेंबर २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, तेव्हा घाई नाही.

एका ओळखीच्यांनी फोनवर सांगितलं होतं की डेटाबेस सोडून द्या, नेक्स्टक्लाउडला डिस्कवरच्या फाइली पुन्हा धुंडाळायची आज्ञा द्या, सगळं परत दिसेल. तसं केलं नाही ते बरं झालं. त्याने फाइलींची यादी आली असती, टॅग आणि शेअर आले नसते.

रोज रात्री २ वाजता पीजी-डम्पऑल चालेल अशी सोय केली. आजचा डम्प घरच्या लॅपटॉपवर वेगळ्या कंटेनरमध्ये भरूनही पाहिला, तोही भरला.

सकाळी वाचनालय उघडल्यावर आमचे जोशी, पाटील, कुलकर्णी जे कुणी सर पहिले येतील त्यांच्याकडून शेवटी लावलेले टॅग तपासून घेते. जुना व्हॉल्यूम तोवर तसाच ठेवतेय.

धागाकर्ती

तपासले. शनिवारी संध्याकाळी लावलेला शेवटचा टॅगसुद्धा आहे. सर म्हणाले, पुढचा अंक काढा.