गोधडीची किंमत ठरवताना मजुरी धराच

तुमच्या वहिनी हौसेने बाळगोधड्या शिवतात, आता विकायच्या म्हणतात, म्हणून किंमत किती लावावी असं तुम्ही विचारलंत, पण 'कापडाच्या दुप्पट किंमत लावावी' हा त्यावर इथे मिळालेला सल्ला मला मुळीच पटला नाही. हाताने धावदोरा घातलेल्या गोधडीत कापड ४०० रुपयांचं आणि मेहनत १२ तासांची असेल, तर ८०० रुपयांत त्यांच्या हाती तासाला ३३ रुपये पडतात. त्यातून दोरा, पिशवी, रिक्षा वेगळीच. आधी तासाची मजुरी ठरवा, मग बाकीचा हिशेब. गिऱ्हाईक घासाघीस करणारच, पण घरच्या बाईचं काम फुकट धरायची सवय आपणच मोडायला हवी.

कापड मुंबईच्या मंगळदास मार्केट या कापडबाजारातून घ्यावं, रविवार सोडून. लाल आणि निळ्या सुती कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून बघा. रंग उतरला तर ते कापड बाळासाठी नकोच. बाकीचं सगळं धुऊन, वाळवून मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात गोधडी आटून सुरकुतते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. स्टॉलची घाई नको. भाडं निघायला किती गोधड्या खपाव्या लागतील ते आधी मांडा. वांद्र्याला महालक्ष्मी सरस हे बचतगटांच्या मालाचं प्रदर्शन भरतं तेव्हा वहिनींना जरूर घेऊन जा, बचतगटांच्या बायका भाव कसे सांगतात ते त्यांना समोरच ऐकायला मिळेल.