मदत हवी आहे: खानापूर-निपाणीकडं मराठीत बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ

२ आठवड्यांहून जास्त उदासी, कशातच रस नाही, पहाटे जाग येते, तर नैराश्याची शंका घ्यावी. पुरुषांत ते बऱ्याचदा चिडचिड, अंगदुखी नाहीतर वाढत्या दारूतून दिसतं. घरचे 'तापट झालाय' म्हणून सोडून देतात. थायरॉईड, बी-१२ तपासावंच. गोळ्यांचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात, पण बरेचजण त्याआधीच बंद करतात. मरणाची भाषा असेल तर एकटं सोडू नये, कीटकनाशक घरातून हलवावं. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, मोफत, रात्रीही.

धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे, पण ऊसतोडीच्या दिवसांत तिथवर कोण जाणार? तर कुणी सांगाल का: खानापूर, निपाणीच्या सरकारी दवाखान्यांत मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या वारी बसतात? मराठीतून मोकळेपणी बोलता येईल असे समुपदेशक बेळगावात कुठं, आणि फी किती?