शब्दचर्चा: 'व्हॅलिडेटेड' प्रश्नावली म्हणजे वैध, प्रमाणित की आणखी काही?

प्रश्न: स्त्रियांच्या लैंगिक आरोग्यावरच्या एका संशोधनाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यात एफएसएफआय (फीमेल सेक्शुअल फंक्शन इंडेक्स) ही प्रश्नावली आहे: १९ प्रश्न, सगळे गेल्या चार आठवड्यांबद्दलचे. 'व्हॅलिडेटेड'ला 'वैध' लिहू का? आणि 'सेक्शुअल फंक्शन'ला 'लैंगिक कार्य' चालेल?

प्रतिसाद: 'कार्य' नको हो! आमच्याकडे घरात कार्य म्हणजे लग्न नाहीतर मुंज. 'लैंगिक आरोग्य' थोडं ढोबळ आहे, पण पत्रकात खपून जाईल.

प्रतिसाद: 'वैध' म्हटलं की कायदा आठवतो. बी.एड.च्या पुस्तकांत यासाठी 'सप्रमाणता' आहे: जे मोजायचं म्हणता तेच मोजलं जातंय का. पुन्हा विचारल्यावर तेच उत्तर येतं का, ही 'विश्वसनीयता'. दोन्हींची गल्लत करू नका.

'प्रमाणित'ही मला खटकतं. एकदा शिक्का बसला की कुठेही चालवा, असं त्यातून वाटतं. याच प्रश्नावलीचं बघा. इच्छा, उत्तेजना, ओलावा, कामतृप्ती, समाधान आणि वेदना अशा सहा भागांचे गुण मिळून जास्तीत जास्त ३६. २६.५५ किंवा त्याखाली गुण आले तर अडचण असण्याची शक्यता धरतात. पण १९पैकी १५ प्रश्नांत 'संबंध आले नाहीत' या उत्तराला शून्य आहे. नवरा दोन महिने बोटीवर असलेली बाई घ्या. इच्छा भरपूर, नात्यात समाधानी, तरी तिची बेरीज १०च्या वर जातच नाही! कागदावर ती आजारी. म्हणून मी 'पडताळलेली प्रश्नावली' म्हणेन. पडताळलेली म्हटलं की 'कोणावर, कुठल्या भाषेत?' हे आपोआप विचारलं जातं.

प्रश्नकर्ती: 'पडताळलेली' आवडलं. पण मराठी मसुदा अजून कोणावरच पडताळलेला नाही, मूळ इंग्रजी पडताळलेली आहे.

प्रतिसाद: मग पत्रकात तसंच लिहा. आणि दुसऱ्या कुणाकडून, मूळ न दाखवता, मराठीचं पुन्हा इंग्रजी करून घ्या. 'इच्छा' आणि 'उत्तेजना' एकमेकांत मिसळल्या असतील तर ते तिथेच कळतं. नंतर पाच-सहा बायकांना प्रश्न वाचायला देऊन 'यात काय विचारलंय?' एवढंच विचारा. उत्तरं नकोत, अर्थ हवा.

प्रश्नकर्ती: 'योनिमार्गातील स्निग्धता' काढून 'ओलावा' केलं. बाकी सोमवारी टाकते.