ग्वाटेमालातल्या गावांच्या खाणविरोधी कौलाला कायद्यात किती वजन होतं?

पोहे_जिरावण (इंदूर): विधी शाखेच्या चर्चासत्रासाठी विषय घेतलाय: यादवी संपल्यावर ग्वाटेमालातल्या माया गावांनी खाणींना केलेला विरोध. शांतता करारात आदिवासींचे हक्क मान्य झाले होते, मग खाणी आल्या कशा? गावांचा कौल कोर्टात टिकला का? मध्य प्रदेशातल्या आदिवासीबहुल झाबुआ जिल्ह्याशी तुलनाही करायची आहे.

खान_किनारा: अंतिम करार २९ डिसेंबर १९९६चा. आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) आदिवासी हक्कांचा करार क्र. १६९ही ग्वाटेमालाने त्याच वर्षी मान्य केला. त्याच्या कलम १५ प्रमाणे खनिज सरकारचं असलं तरी शोधाच्या परवानगीआधी स्थानिकांशी सल्लामसलत लागते. १९९७च्या खाण कायद्याने मात्र रॉयल्टी ६ वरून १ टक्क्यावर आणली आणि सल्लामसलतीची रीत ठरवलीच नाही. सगळी भानगड त्या फटीतली.
मार्लिन सोन्याच्या खाणीला २००४मध्ये आयएफसीचं, म्हणजे जागतिक बँक गटातल्या संस्थेचं, ४.५ कोटी डॉलर कर्ज मिळालं. खाणीलगतच्या सिपाकापा या माया भागाचा कौल १८ जून २००५चा, म्हणजे परवाना देऊन झाल्यावरचा. १३ पैकी ११ गावं विरोधात गेली. २००७मध्ये घटना न्यायालयाने कौल वैध ठरवला, पण बंधनकारक नाही म्हणाले. २०१०मध्ये आंतरअमेरिकी मानवाधिकार आयोगाने काम थांबवायला सांगितलं, पुढच्या वर्षी ती अट मागे घेतली. खाण २०१७पर्यंत चालली.

सराफा_रात्रपाळी: मार्लिनवरच थांबू नका, नाहीतर निष्कर्ष एकांगी होईल. एस्कोबाल या चांदीच्या खाणीत सरकारचं खाण खातं म्हणत होतं की त्या भागात शिंका (माया नसलेले आदिवासी) लोकच नाहीत. २०१८मध्ये घटना न्यायालयाने सल्लामसलत होईपर्यंत काम बंद ठेवलं. गावाने स्वतः घेतलेला कौल आणि सरकारवर बंधनकारक असलेली सल्लामसलत या दोन गोष्टी वेगळ्या मांडा. बहुतेक निबंध इथेच घसरतात. आणि यादवीतल्या ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, हे आधी सांगा. खाणीवरचे बंदूकधारी पहारेकरी गावाला कसे दिसले असतील, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

पोहे_जिरावण: आभार दादा. झाबुआसाठी ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या बॉक्साइट खाणीचं उदाहरण चालेल?

खान_किनारा: जपून. २०१३मध्ये तिथल्या १२ ग्रामसभांनी नकार दिला तो मुख्यतः वनहक्क कायद्याच्या आधारावर. झाबुआसाठी पेसाचं (आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) कलम ४(ट), इंग्रजी प्रतीत ४(के), पाहा: खाणपट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस सक्तीची, पण फक्त गौण खनिजांना (वाळू, बांधकामाचा दगड यांसारख्या). डोलोमाइट २०१५पासून गौण आहे, मेघनगरकडचा रॉक फॉस्फेट नाही. आधी खनिजाचा वर्ग तपासा, मग मध्य प्रदेशचे २०२२चे पेसा नियम उघडा.