कर्करोगयुक्त पॉलिप काढल्यानंतर शस्त्रक्रिया की देखरेख?

प्रश्न: माझ्या वडिलांच्या (वय 71) मोठ्या आतड्यातील देठ असलेला पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ) कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) अखंड निघाला, मात्र त्यात कर्करोग आढळला. कापलेल्या कडेपर्यंत 2 मिलिमीटर भाग मोकळा आहे. सर्जन आतड्याचा तो भाग काढायला सांगतात, तर पोटविकारतज्ज्ञांना देखरेख पुरेशी वाटते. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली असल्याने निर्णय होत नाही.

उत्तर 1: पॉलिप निघाला असला, तरी पेशी जवळच्या लसीकाग्रंथींत पोहोचल्या असतील का, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी रक्तवाहिन्यांत वा लसीकावाहिन्यांत शिरकाव, पेशींची प्रत (त्या किती विकृत दिसतात), ‘ट्यूमर बडिंग’ (गाठीच्या कडेला सुटे झालेले कर्करोगपेशींचे छोटे पुंजके) आणि शिरकावाची खोली यांची नोंद अहवालात आहे का, ते पाहावे. नसल्यास स्लाइड्स (पॉलिपच्या पातळ कापांच्या काचपट्ट्या) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्याव्यात. माझ्या मते सर्जन बदलण्यापेक्षा हे अधिक उपयोगी ठरते.

उत्तर 2: माझ्या आईचा पॉलिप बिनदेठाचा होता आणि तुकड्यांत काढल्यामुळे कड मोकळी आहे की नाही हे ठरवताच येईना, म्हणून आम्ही शस्त्रक्रिया स्वीकारली. काढलेल्या ग्रंथींत काहीच सापडले नाही, तेव्हा नातेवाइकांनी ‘उगाच कापले’ म्हटले. पण ते आधी कोणाला ठाऊक होते?

उत्तर 3: देखरेख म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी, सीईए (कर्करोगात वाढू शकणारे एक प्रथिन) रक्तचाचणी आणि सीटी स्कॅन चुकवून चालत नाही. ती जागा पुन्हा सापडावी म्हणून पॉलिपच्या जागी शाईची खूण केली आहे का, हेही विचारावे.

प्रश्नकर्ता: अहवालात बडिंगचा उल्लेखच नाही. उद्याच स्लाइड्स मागवतो.