व्हीआरचं सर्टिफिकेट आहे, पण हेडसेट कधी डोळ्यांना लावलाय का?

वागळेवाला
स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ दे. वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा स्टुडिओ आहे. बिल्डर-आर्किटेक्ट लोकांसाठी थ्रीडी वॉकथ्रू करतो, म्हणजे न बांधलेल्या घरातून फिरवणारं संगणकी चित्रण. त्यातले काही व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांना हेडसेट लावून आत उभं राहिल्यासारखं बघायचे. जाहिरात दिली की ढिगाने अर्ज येतात आणि बहुतेकांच्या बायोडेटात कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाचं ऑनलाइन व्हीआर सर्टिफिकेट असतं. समोर बसवून विचारलं, 'कुठला हेडसेट वापरलास?', की गप्प.

माझं मत: हेडसेट हाताशी नसेल तर या कोर्सवर पैसे घालू नका.

स्क्रीनवर सगळं गोडच दिसतं. वाइड अँगल कॅमेरा लावला की घोडबंदर रोडची दहा बाय दहाची बेडरूम हॉलएवढी वाटते. हेडसेटमध्ये ती चलाखी चालत नाही, तिथे खोली खऱ्या मापाची उभी राहते. दाराची उंची जरा चुकली तरी आत शिरणाऱ्याला काहीतरी खटकतं. मॉनिटरवर सेकंदाला ३० फ्रेमवर (चित्रांवर) बरा चालणारा सीन डोक्याला लावला की पोट ढवळतं. मेटा कंपनीच्या क्वेस्टसारख्या हेडसेटला सेकंदाला निदान ७२ फ्रेम लागतात, म्हणजे एका फ्रेमला १४ मिलिसेकंदसुद्धा मिळत नाहीत. एका मुलाने डेमोत चालताना कॅमेरा डुलता ठेवला होता, गेममध्ये असतो तसा. आमच्या अकाउंटंटबाईंनी हेडसेट लगेच काढला आणि दुपारचा डबा न उघडता घरी नेला. लेक्चर बघून हे कळत नाही.

कळवा_पश्चिम
दादा, नेमकं हेच लेक्चर बघून कळतं! मी थर्ड इयर कॉम्प्युटरला आहे. आयआयटी मद्रासमध्ये स्टीव्हन लाव्हाल यांनी घेतलेली लेक्चर्स एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, फुकट आहेत. हे गृहस्थ ऑक्युलस या व्हीआर हेडसेटच्या कंपनीच्या सुरुवातीच्या काळात तिथले मुख्य शास्त्रज्ञ होते. डोळे सांगतात 'चाललोय', आतल्या कानातलं तोलाचं इंद्रिय सांगतं 'बसलोय', आणि त्या भांडणात मळमळतं, हे ते नीट समजावतात. तुमच्या उमेदवाराने तेवढं ऐकलं असतं तरी कॅमेरा डुलवला नसता.

उलट हेडसेट असून तो फसलाच असता. रोज वापरणाऱ्याला मळमळीची सवय होते, मग स्वतःचा सीन त्याला ठीकच वाटतो. हेही त्याच लेक्चर्समध्ये आहे. आणि पैशांचं म्हणाल तर एनपीटीईएलचा कोर्स फुकट, परीक्षेला १००० रुपये. हेडसेट मात्र कोणाचा तरी मामा परदेशातून आणेल तेव्हा.

वागळेवाला
मळमळ का होते ते पाठ करणं सोपं आहे. हाताचं काय? युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेडसेटची नक्कल करणारा एक्सआर डिव्हाइस सिम्युलेटर आहे, कीबोर्ड-माउसने हात हलवता येतात, मान्य. पण बटण खांद्याच्या वर लावलं तर पाच मिनिटांत दंड भरून येतो, हे माउस सांगणार नाही. मोबाइल घालून बघायच्या पुठ्ठ्याच्या कार्डबोर्डमध्येही नाही. त्यात मान वळवली तर दिसतं, पण पुढे वाकून कपाटात डोकावता येत नाही.

बेलापूरचे काका
तुम्ही दोघं हळद कुठली लावायची यावर भांडताय, नवरदेव कधीच निघून गेला. २०२१ मध्ये फेसबुकने नाव बदलून मेटा केलं, तेव्हा आमच्या सोसायटीतला प्रत्येक पोरगा मेटाव्हर्सचा, म्हणजे व्हीआरमधल्या आभासी जगाचा, कोर्स करत होता. त्याच कंपनीच्या व्हीआर विभागाने २०२३ या एका वर्षात १६ अब्ज डॉलरहून जास्त तोटा दाखवला. ॲपलचा हेडसेट आला ३,४९९ डॉलरला. कोण घेणार? आणि वागळेवाले, तुम्हीच लिहिलंत की हेडसेटमध्ये बेडरूमचं खरं माप दिसतं. मग कुठला बिल्डर स्वतःहून ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना लावेल?

वागळेवाला
काका, हा मात्र बरोबर बसला. तक्रार आलीच होती एकदा, 'खोली जरा मोठी दिसू द्या' म्हणून. बिल्डरपेक्षा आर्किटेक्टच जास्त येतात आता, बांधायच्या आधी जिना कुठे अडतो ते बघायला.

ऐरोली_सेक्टर८
माझा आक्षेप वेगळाच आहे. मी मनुष्यबळ विभागात आहे. आमच्याकडे अर्ज आधी संगणक चाळतो, शब्द जुळले तर पुढे. तिथे सर्टिफिकेट कामी येतं, पण सरसकट सगळी एका तराजूत नको. घरबसल्या क्विझ सोडवून मिळणारं वेगळं. एनपीटीईएलचं केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर परीक्षा देऊन मिळतं, त्याला मी वजन देते.

परदेशी म्हणून नाकं मुरडायचंही कारण नाही. लंडन युनिव्हर्सिटीचा, तिथल्या गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या प्राध्यापकांनी केलेला पाच कोर्सचा संच आहे. त्यात थ्रीडी मॉडेल, हाताने वस्तू उचलणं, समोरच्या पात्राने आपल्याकडे बघणं, असं करत शेवटी स्वतःचा व्हीआर गेम करायचा असतो. तो गेम कुठे आहे, एवढंच विचारा. दाखवला नाही तर कागद बाजूला ठेवा.

बेलापूरचे काका
म्हणजे शेवटी कागदाला किंमत नाहीच.

ऐरोली_सेक्टर८
दारातून आत यायला आहे. खुर्चीत बसायला नाही.

कळवा_पश्चिम
ताई, माझ्याकडे गेम आहे. सिम्युलेटरवर केलाय, हेडसेटवर कधी चाललेला नाही. मग मी अर्धी शिकलेली का?

वागळेवाला
हो, अर्धीच. पण ते तुझ्या कॉलेजचं पाप आहे, तुझं नाही. लाखाचे प्रोजेक्टर घेतात, लॅबमध्ये एक हेडसेट ठेवत नाहीत. शनिवारी दुपारी स्टुडिओत ये, गेमची एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) पेनड्राइव्हवर आण, आमच्या क्वेस्टवर टाकून बघू. बटणं खांद्याच्या वर असतील तर तिथेच सांगेन.

कळवा_पश्चिम
येते. बटणं कमरेच्या वर, छातीच्या खाली आहेत. पण टेस्टला असा माणूस बसवा ज्याने व्हीआर कधी लावलेलं नाही. तुम्हाला सवय झालीय, तुमच्या मताचा उपयोग नाही.

बेलापूरचे काका
मी येतो. मला ट्रान्स-हार्बर लोकलला उलट्या दिशेला तोंड करून बसलं तरी मळमळतं.